चार पट्ट्यांचा पंचनामा

सूनबाईने स्क्रू ड्रायव्हर आपण होऊन सासऱ्यांच्या हातात दिला, ही त्या घरातली शुक्रवारची सर्वांत मोठी घटना होती. स्वयंपाकघराच्या दारातून हा सोहळा पाहणाऱ्या सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि हात पुसत त्या बाहेर आल्या. लग्नाला सदतीस वर्षे झाली होती. नवऱ्याच्या हातात हत्यार गेले की एखादे जाणते माणूस जवळपास असावे, एवढे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

सासरे वजनमापे खात्यातून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, पण सगळी गल्ली त्यांना अजून निरीक्षकसाहेबच म्हणत असे. चौतीस वर्षे त्यांनी तराजू, वजने आणि बंद पाकिटे तपासली. वर जे छापले आहे ते आत भरले पाहिजे, या एका वाक्यावर त्यांनी आख्खी नोकरी काढली. भल्याभल्या दुकानदारांना त्यांची स्कूटर लांबून दिसली तरी घाम फुटे. निवृत्तीनंतर मात्र त्यांना तपासायला कोणी काही देईना. पहिल्या महिन्यात त्यांनी रोजचे दूध मापून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दूधवाल्याने रतीबच बंद केला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी शिंप्याच्या देखत त्याची टेप आपल्या पोलादी पट्टीला लावून पाहिली, आणि तेव्हापासून घरातले शिवणकाम दोन चौक पलीकडे जाऊ लागले. तिसऱ्या महिन्यात बायकोने स्वयंपाकघरातला वजनकाटा लपवून ठेवला. त्यामुळे सूनबाईने हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तेव्हा साहेबांना भरून आले.

सूनबाई इमारतींचे आराखडे करत असे. नोकरी सोडून तिने स्वतःचे काम सुरू केले होते आणि एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्पर्धेत उडी घेतली होती. सोमवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे तिला त्या न बांधलेल्या वाचनालयातून फिरवून आणणारी फिल्म दाखवायची होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला ती समिती दारातूनच वाटेला लावते, अशी तिची ख्याती होती. आणि इथे कॉम्प्युटर फिल्म बनवता बनवता मध्येच मान टाकत होता.

"मेमरी पुरत नाही, बाबा," सूनबाई म्हणाली. "सोळा जीबीत वाचनालय मावत नाही. आत आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत, त्यांच्या शेजारी या नव्या दोन बसवायच्या. मेमरी वाढवा म्हणून ह्यांना तीन दिवस सांगतेय."

"बघतो म्हटलं ना," चिरंजीव मोबाइलमधून डोके न काढता म्हणाले. 'बघतो' हे त्यांचे संपूर्ण वाक्य असे. त्यापुढे क्रिया घडल्याची नोंद घरात कोणाकडेही नव्हती.

निरीक्षकसाहेबांनी पेटीचे एका बाजूचे झाकण काढले, रिकाम्या खाचा पाहिल्या आणि बोटभर लांबीच्या त्या दोन हिरव्या पट्ट्या एकेक करून दाबून बसवल्या. कट्, कट् असा आवाज आला. बटण दाबल्यावर पडदा एकदा काळा झाला, दुसऱ्यांदा काळा झाला आणि मग उजळला. कोपऱ्यात बत्तीस जीबी असा आकडा उमटला.

"बाबा, कमाल केलीत!" सूनबाई म्हणाली. आठ महिन्यांत या घरात साहेबांच्या वाट्याला आलेले हे पहिलेच शाबासकीचे वाक्य होते. त्यांनी ते ऐकू न आल्यासारखे केले, म्हणजे तिला ते पुन्हा म्हणावे लागेल. तिनेही म्हटले.

संध्याकाळी सहाला फिल्म सुरू झाली. वीस तास लागणार होते, म्हणजे शनिवारी दुपारी दोनला संपणार. शनिवारी सकाळी आठला सूनबाई वाचनालयाचे लाकडी मॉडेल करून घ्यायला सुताराच्या कारखान्यात निघाली.

"बाबा, फिल्मकडे फक्त लक्ष ठेवा हं," जाता जाता ती म्हणाली.

तिने 'फक्त' या शब्दावर जोर दिला होता. साहेबांनी 'लक्ष ठेवा' तेवढे घेतले.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि लक्ष ठेवायला सुरुवात केली. पडद्यावर एक हिरवी रेघ गोगलगाईच्या गतीने सरकत होती. अर्ध्या तासात रेघ पाहून झाली. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या तब्येतीची माहिती देणारी चौकट उघडली. तिच्यात मेमरीचा वेग लिहिलेला होता: २१३३. साहेबांच्या मनात कसलीशी पाल चुकचुकली. ते उठले, केराच्या टोपलीतून पट्ट्यांचे रिकामे पाकीट काढले आणि उजेडात धरले. पाकिटावर ठळक अक्षरांत छापले होते: ३२००.

"अगं, ऐकलंस का!" त्यांनी हाक मारली, ती शेजारच्या घरातही ऐकू गेली. "बत्तीसशे छापलंय आणि एकवीसशे तेहेतीस भरतंय! बरोबर एक तृतीयांश माल कमी!"

"चालतंय ना पण?" बायकोने आतून विचारले.

"चालतं तर खोटं वजनही!"

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानदार भला माणूस होता, पण शनिवारची गर्दी होती.

"काका, चार पट्ट्या झाल्या की वेग उतरतो कधीकधी."

"उतरतो म्हणजे? कोण उतरवतं?"

"मदरबोर्डच उतरवतो. त्याला झेपत नाही."

"म्हणजे माल तुम्ही विकायचा आणि झेपवायचा आम्ही?"

"बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एकदा वेगाचं प्रोफाइल चालू करून बघा. नाहीच जमलं तर तक्रार करा. पावतीवर आहे, चोवीस तासांत. उद्या रविवार, दुकान बंद."

साहेबांनी पावती पाहिली. खरेदी शुक्रवारी दुपारी एकची. घड्याळात साडेनऊ वाजले होते. आता तक्रार करायची तर चाचणी हवी, चाचणी करायची तर कॉम्प्युटर बंद करायला हवा, आणि कॉम्प्युटरमध्ये तर फिल्म चालू. त्यांनी सूनबाईला तीन वेळा फोन केला, पण सुताराच्या कारखान्यात करवतीच्या आवाजापुढे फोनचे काय चालणार. मग त्यांनी चिरंजीवांना ऑफिसात गाठले.

"काय रे, ती फिल्म मध्येच थांबवता येते का?"

"येते की. पॉजचं बटण असतं," चिरंजीव म्हणाले. "का?"

"काही नाही, तपासतोय."

"बरं, मी बघतो आल्यावर," म्हणून चिरंजीवांनी फोन ठेवला.

निरीक्षकसाहेब बेजबाबदार माणूस नव्हते, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी ते बटण नीट शोधून दाबले. रेघ थांबली. जुन्या कामाची कोरी वही काढून त्यांनी नोंद केली: 'सकाळी ९.४२. फिल्म थांबवली. ७८ टक्के पूर्ण. स्थिती उत्तम.' नोकरीत त्यांनी कितीतरी काटे असेच जागच्या जागी थांबवून मोहोरबंद केले होते, आणि सहा महिन्यांनी मोहोर फोडली तरी काटा होता तिथेच सापडे. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करण्याची आज्ञा दिली. काम अपूर्ण आहे, तरी बंद करायचे का, असे कॉम्प्युटरने विचारले. साहेबांनी 'हो' म्हटले, आणि जास्तीची खबरदारी म्हणून भिंतीवरचे बटणही बंद केले.

आता ही मेमरी नावाची वस्तू वीज आहे तोवरच सगळे लक्षात ठेवते आणि वीज गेली की तिला आपले नावही आठवत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्या मेमरीच्या वेगासाठी ते कंबर कसून उभे राहिले होते, तिचा हा मूळ स्वभाव सोडून बाकी सगळे त्यांनी तपासले.

बायोसमध्ये जाऊन त्यांनी प्रोफाइल चालू केले. पडदा तीन वेळा काळा झाला आणि कॉम्प्युटर पुन्हा २१३३ वरच येऊन बसला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. साहेबांच्या अंगात जुना उत्साह संचारला. चौघांत एक चोर असणार, आणि चोर शोधायची रीत त्यांना पाठ होती. एकेकाला वेगळे काढायचे.

त्यांनी चारही पट्ट्या उपसल्या, वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर क, ख, ग, घ लिहिले आणि डिंकाने एकेका पट्टीवर चिकटवले. मग 'क' एकटीच बसवली. वेग भरला ३२००. चिठ्ठीवर त्यांनी 'तपासले' असा शेरा मारला. 'ख' एकटी: ३२००. 'ग': ३२००. 'घ'सुद्धा ३२००.

साहेबांचा चेहरा उतरला. चारही सज्जन निघाल्या होत्या. मग त्यांनी जोड्या लावल्या. सहाच्या सहा जोड्या ३२०० ला खऱ्या उतरल्या. आणि चारही एकत्र बसवल्या की पडदा काळा, आणि मग मुकाट्याने २१३३.

"हे म्हणजे अजबच," ते म्हणाले. "एकेकटी खरी, दोघी-दोघी खऱ्या, आणि चौघी मिळून खोट्या!"

"त्यात काय अजब," बायको म्हणाली. पंचनाम्याला पंच लागतो म्हणून त्यांनी तिला समोर बसवले होते. "आपण चौघं फिरायला जातो तेव्हा काय होतं? तुम्ही एकटे तरातरा जाता. मुलगा-सून जोडीने जातात तेही भराभर जातात. चौघं निघालो की सगळे माझ्या गुडघ्याच्या वेगाने चालता."

"हे शास्त्र नव्हे. तू सही कर."

तिने सही केली. एक वाजायला दहा मिनिटे असताना साहेबांनी दुकानदाराला पुन्हा फोन लावला.

"तक्रार लिहून घ्या. चौघी एकेकट्या प्रामाणिक आहेत, एकत्र आल्या की कमी भरतात."

"काका, ही तक्रार मला माझ्या घरच्यांबद्दलही करायची आहे," दुकानदार म्हणाला. "लिहून घेतली. पण आणखी काय काय करून पाहिलंत? खाचा बदलून पाहिल्यात?"

पाहिल्या नव्हत्या. साहेबांना ही सूचना अतिशय आवडली. चार पट्ट्या चार खाचांत किती प्रकारे बसतील, याचा त्यांनी हिशेब केला. चोवीस. वहीत चोवीस ओळींचा तक्ता आखला गेला. प्रत्येक ओळीला पट्ट्या काढायच्या, फिरवून बसवायच्या, बटण दाबायचे, तीन काळोख सोसायचे, आकडा लिहायचा आणि पंचाची सही घ्यायची. जेवण ताटातच थंड झाले. सातव्या ओळीनंतर पंच उठून आडवा व्हायला गेला. अकराव्या ओळीला मात्र कॉम्प्युटरने नवाच सूर लावला. पडदा काळा तो काळाच राहिला आणि पेटीतून तीन लांब शिट्ट्या आल्या. पुन्हा बटण दाबले, पुन्हा तीन शिट्ट्या. साहेबांनी वहीत लिहिले: 'शिट्ट्या. तीन.'

नेमकी चार वाजता दाराशी सूनबाई आली. हातात वाचनालयाचे मॉडेल आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद. जेवणाच्या टेबलावर पोट उघडून पडलेला कॉम्प्युटर, शेजारी चिठ्ठ्या, डिंकाची बाटली आणि चोवीस ओळींचा तक्ता बघून तो आनंद हळूहळू मावळला.

"बाबा, फिल्म झाली?"

"अठ्ठ्याहत्तर टक्के झाली आहे," साहेब घाईघाईने म्हणाले. "काळजी करू नकोस. मी ती आधी पॉज केली, मगच बंद केला. नोंद आहे."

"पॉज केली," सूनबाई म्हणाली, "आणि मग बंद केला?"

"भिंतीवरूनसुद्धा."

सूनबाईने मॉडेल अलगद खाली ठेवले. मग तिने अगदी शांतपणे सांगितले की पॉज केलेली गोष्ट मेमरीतच थांबून राहते आणि वीज गेली की मेमरी पुसली जाते. म्हणजे पंधरा तास बेचाळीस मिनिटांचे काम गेले. ती ओरडली असती तर साहेबांना बरे वाटले असते. चौतीस वर्षांत त्यांच्यावर दुकानदार ओरडले होते, त्यांचे वरिष्ठ ओरडले होते, एकदा तर एका पेट्रोल पंपवाल्याने नळी घेऊन पाठलाग केला होता. पण हे असे हळू आवाजात कोणी काही समजावून सांगितलेले त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

"चूक माझी आहे, बाळ," ते म्हणाले. "सगळी माझी."

"आज सुरू झाली तर उद्या होईल," सूनबाई म्हणाली. "पण हा आधी सुरू तर व्हायला हवा. दुकान सहाला बंद होतं. चला."

सूनबाईने स्कूटर काढली. मागे साहेब बसले आणि त्यांच्या मांडीवर कॉम्प्युटर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते पेटी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळत होते. सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने विचारले, "काय आजोबा, बिघडला का?" साहेबांनी मान खाली घातली. त्यांना वाटले, हा आपल्याबद्दलच विचारतोय.

दुकानदाराने पेटीत बॅटरी मारली, डोके आत घातले आणि चिमट्याने एका खाचेतून गुंडाळी झालेला कागदाचा कपटा बाहेर काढला. तो सरळ करून त्याने मोठ्याने वाचला, "ख. तपासले."

सूनबाईने तोंड फिरवले. तिच्या खांद्यांवरून ती रडते आहे की हसते आहे, हे साहेबांना कळेना आणि विचारायचा धीर होईना. दुकानदाराने बाकीच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, पट्ट्या पुसून बसवल्या आणि बटण दाबले. कॉम्प्युटर एका झटक्यात सुरू झाला, वेग २१३३.

"आता नीट ऐका, काका," तो म्हणाला. "दोनच पट्ट्या ठेवल्या तर बत्तीसशे मिळेल, पण मेमरी निम्मी. चारही ठेवल्या तर मेमरी पुरी, पण सगळ्या मिळून सावकाश चालणार. चौघं फिरायला निघाले की सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने जावं लागतं ना, तसं."

"हे मला सकाळीच कळलं होतं," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "पंचाने सांगितलं होतं."

"मी हाताने थोडा चढवून देतो. सव्वीसशे सहासष्टवर चालेल."

सगळी हयात घासाघीस न करता काढलेल्या साहेबांच्या तोंडून निघून गेले, "तीन हजार करा."

"काका, नाही परवडत."

"एकोणतीसशे?"

"सव्वीसशे सहासष्ट. शेवटचा."

"बाबा, पुरे," सूनबाई म्हणाली.

"फक्त एक विचारतो," साहेब दुकानदाराकडे वळले. "हा वेग बत्तीसशे असता, तर वीस तासांच्या फिल्ममध्ये किती वेळ वाचला असता?"

दुकानदाराने डोके खाजवले. "असल्या कामाला वेगाचा फार फरक पडत नाही. दहा-बारा मिनिटं वाचली असती."

बारा मिनिटांच्या मागे लागून पंधरा तास बेचाळीस मिनिटे घालवली, हा हिशेब तिथल्या तिघांनाही कागदाशिवाय करता येत होता.

संध्याकाळी सातला फिल्म पहिल्यापासून सुरू झाली. आता ती रविवारी दुपारी तीनला संपणार होती. साहेबांनी वही आपण होऊन बायकोच्या स्वाधीन केली. "यापुढे या घरातल्या कुठल्याही आकड्याबद्दल मी तोंड उघडणार नाही," त्यांनी जाहीर केले.

"लिहून द्या," बायको म्हणाली. "पंच म्हणून मी सही करते."

रविवारी सकाळपासून ते भिंतीवरच्या बटणाशेजारी स्टूल टाकून बसले. कोणी त्या बाजूला फिरकले की दोन्ही हात पसरून आडवे होत. चिरंजीवांना मोबाइल चार्ज करायचा होता, त्यांना आल्या पावली परत पाठवले गेले. एरवी त्यांनी स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवले होते. वेगाच्या चौकटीकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. फार मोह झाला तेव्हा डोळे मिटून घेतले.

तीन वाजता रेघ पुरी झाली आणि सगळे घर पडद्यासमोर जमले. फिल्म खरोखर सुंदर होती. रुंद पायऱ्या चढून दारातून आत जायचे, उंच खिडक्यांतून ऊन खाली उतरलेले, भिंतीभर कपाटे. सासूबाई म्हणाल्या, "इथे तर मी रोज येऊन बसेन." मग वाचन कक्ष आला. दाराशी पाटी होती: 'वाचन कक्ष. १२० आसने.' आत लांब टेबले आणि खुर्च्यांच्या ओळी.

साहेबांचे ओठ हलू लागले. त्यांनी ते दाबून धरले, तरी आतल्या आत मोजणी चालूच राहिली. शहाण्णव. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी "जरा पुन्हा लाव गं, छान आहे," असे सांगून ती फिल्म आणखी दोनदा पाहिली. तिन्ही वेळा शहाण्णव.

आता करायचे काय? तीन वाजले होते. तीन आणि वीस तास म्हणजे सोमवारचे अकरा. सांगितले तर पुन्हा वीस तास, आणि समितीचे दार तोवर बंद. न सांगितले तर निदान फिल्म वेळेवर पोचेल. शिवाय लेखी शपथ. शिवाय कालचा तो शांत आवाज. आयुष्यभर कमी भरलेले पाकीट त्यांनी एकदाही नजरेआड केले नव्हते. हे पाकीट तर घरचे होते, आणि त्यावर सूनबाईचे नाव होते. त्यांना वाटले, गप्प बसावे. पुन्हा वाटले, गप्प बसलो आणि तिथे कोणी मोजले तर? ती एकटी उभी असेल, आणि आपल्याला हे आदल्या दिवशीच माहीत होते.

"अहो, पोटात दुखतंय का?" बायकोने विचारले.

"नाही."

"बाबा, काय झालंय?" सूनबाई म्हणाली.

"काही नाही."

"बाबा."

"शहाण्णव," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काय शहाण्णव?"

"खुर्च्या. पाटीवर एकशे वीस आहेत. चोवीस कमी भरतात."

सूनबाईने फिल्म मागे घेतली, थांबवली आणि मोजली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. सोळा जीबीत वाचनालय मावत नव्हते तेव्हा ओझे हलके करायला तिनेच मागच्या दोन रांगा लपवल्या होत्या. बाराबाराच्या दोन. नव्या पट्ट्या आल्या, जागा झाली, पण त्या रांगा परत आणायच्या राहून गेल्या.

"समितीची अटच आहे, एकशे वीस आसनं," ती म्हणाली. "एक जरी कमी दिसली तरी पहिल्या फेरीतच बाद. बाबा, हे मला दिसलंच नसतं. मी ही खोली हजार वेळा बघितली आहे."

"पण आता पुन्हा वीस तास—"

"छे हो. तेवढाच तुकडा पुन्हा काढायचा आणि मध्ये जोडायचा. तीन तास."

साहेबांनी डोळे उघडले. "तुकड्यातुकड्यानेही करता येतं?"

"येतं. पहिल्यापासून तसंच करायला हवं होतं. कालचं काम एवढं गेलं त्यात अर्धी चूक माझीही आहे." ती उठली, साहेबांचे स्टूल बटणाजवळून उचलून तिने पडद्यासमोर ठेवले. "तुकडा निघतोय तोवर बसा इथे. पायऱ्या, दारं, खिडक्या, पाट्या, जे जे लिहिलंय ते सगळं तपासा. आई, यांची वही द्या."

बायकोने वही दिली, शपथेचे पान तेवढे फाडून ठेवून घेतले. साहेबांनी बाह्या सरसावल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक उलटी लागलेली पाटी, एक कडी नसलेले दार आणि भिंतीवरचे एक बंद पडलेले घड्याळ पकडले. सातच्या सुमाराला नवा तुकडा आला. त्याची मोजणी त्यांनी बराच वेळ केली आणि मग जाहीर केले, "एकशे वीस. भरल्या."

सोमवारी दुपारी दोन वाजता सूनबाई परत आली. सगळे हातातली कामे सोडून तिच्याभोवती जमले. रजा टाकलेल्या चिरंजीवांनीदेखील मोबाइल पालथा ठेवला होता.

"तिथेही एक बाबा होते," ती चपला काढता काढता म्हणाली. "समितीतले सगळ्यात वयस्कर. बाकीचे उजेडाबद्दल, छताबद्दल विचारत होते. हे म्हणाले, वाचन कक्षावर थांबवा. मग उठून पडद्याजवळ गेले आणि ओठ हलवत बोटाने खुर्च्या मोजायला लागले."

निरीक्षकसाहेब खुर्चीच्या अगदी कडेवर आले. "किती भरल्या?"

"एकशे एकोणीस."

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला.

"मग मी म्हटलं, सर, पुन्हा मोजा. आमच्या घरी मोजून झाल्यात."

"असं म्हणालीस? समितीला?"

"म्हणाले. आवाजसुद्धा कापला नाही माझा. त्यांनी पुन्हा मोजल्या. एकशे वीस. कागदावर खूण केली, आणि आपण पुढच्या फेरीत गेलो."

मग एकच गलका झाला. चिरंजीवांनी चहा टाकतो म्हटले आणि खरोखर उठून टाकायला गेले. त्यांना दूध कुठे असते ते माहीत नसल्याने मागोमाग सासूबाईही आत धावल्या. साहेब मात्र बसल्या जागेवरून हलले नाहीत. सगळे आत गेल्याची खात्री करून घेऊन त्यांनी सूनबाईला हाताने जवळ बोलावले.

"त्यांना नावं ठेवू नकोस हं," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या रांगेतली एक खुर्ची अर्धी खांबाआड जाते. काल संध्याकाळी पहिल्यांदा मोजली तेव्हा माझीही सुटली होती."